स्लग गनचा झिरो टिकत नाही? स्कोपच्या नॉबला हात लावायच्या आधी हे तपासा

ऑक्टोबर संपत आला की ओहायो, इलिनॉय, आयोवा, न्यू जर्सीकडच्या आपल्या शिकारी मंडळींमध्ये एकच रडगाणं सुरू होतं, की स्लग गनचा (म्हणजे एक जड गोळी मारणाऱ्या शॉटगनचा) झिरो टिकत नाही, नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी केलेली स्कोपची जुळणी बिघडते. मागच्या शनिवारी गन मधोमध मारत होती, आज तीच गन, तेच 50 यार्ड, काडतुसांचा तोच डबा, आणि गोळी सहा इंच डावीकडे. मग स्कोपचा नॉब फिरवला, पुढची गोळी उजवीकडे, परत फिरवला तर खाली, असं करत करत डबा संपला, खांदा सुजला, आणि घरी येताना गन नेली होती त्यापेक्षा जास्त बिघडलेली. पुढच्या आठवड्यात परत तेच, आणि सीझन तर तोंडावर आलेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्लग गनच्या बाबतीत बहुतेक वेळा स्कोपचा दोष नसतोच. आधी बॅरल (गनची नळी) आणि स्लगची जोडी चुकलेली असते, नाहीतर कुठेतरी काहीतरी ढिलं असतं, नाहीतर माणूस बार निघायच्या आधीच दचकत असतो. हे तिन्ही नीट तपासून होईपर्यंत नॉबला हातच लावायचा नाही, कारण तीन गोळ्या एका जागी पडत नसतील तर नॉब फिरवून तुम्ही नक्की काय दुरुस्त करताय ते तुम्हालाच कळत नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो की हे स्लगचं प्रकरण मुळात का आहे. मिडवेस्टमधली जमीन सपाट, मक्या-सोयाबीनची शेतं, मध्ये मध्ये घरं आणि रस्ते, चुकलेली रायफलची गोळी फार लांब जाते म्हणून बऱ्याच राज्यांनी हरणासाठी रायफल चालूच दिली नाही, शॉटगनमधून एक जड गोळी म्हणजे स्लग मारायचा. आता नियम सैल झालेत, ओहायोत 2014 पासून आणि आयोवात 2017 पासून सरळ काडतुसाच्या (तोंडाशी निमुळतं न होणाऱ्या) रायफली चालतात, इलिनॉयमध्ये 2023 पासून एकबारी सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी) रायफल चालते. पण मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सीत सेंटरफायर रायफल अजून नाहीच, आणि बाकी ठिकाणीही ज्याच्याकडे पंप शॉटगन आधीच आहे तो एक स्लग बॅरल घेऊन मोकळा होतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं इकडच्यासाठीच आहे.

आणि एक गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येकाने आधी वाचावी. एच-वन किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या लोकांना लागू पडणारा म्हणजे इथल्या राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवाद संपला. मित्राची गन रेंजवर हातात घेतली तरी नियम तोच, त्यामुळे झिरो करायला जायच्या आधी लायसन्स खिशात आहे आणि त्याची तारीख चालू आहे हे बघा. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या ओळखीच्या माणसाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. गन रिकामी करा, मॅगझिन (काडतुसं साठवायचा भाग) रिकामं, चेंबरमध्ये (बार काढताना काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री करा, आणि मग नळीच्या मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. आत गुळगुळीत आरसा दिसतोय की गोल फिरत गेलेल्या खाचा दिसतायत? अर्ध्या लोकांची समस्या इथेच सापडते, कारण दुकानात स्लगच्या डब्यावर "रायफल्ड स्लग" असं लिहिलेलं असतं आणि माणसाला वाटतं हा रायफल्ड बॅरलसाठी असणार. उलटं आहे. रायफल्ड स्लग म्हणजे फॉस्टर स्लग, कार्ल फॉस्टर नावाच्या माणसाने 1931 मध्ये काढलेला, तो गुळगुळीत नळीसाठी आहे. त्याच्या अंगावर ज्या तिरक्या रेघा असतात त्यांनी तो काही फारसा फिरत नाही, त्या चोकमधून (नळीच्या तोंडाशी ती आवळणाऱ्या भागातून) जाताना शिशाला दबायला जागा देतात एवढंच. तो सरळ जातो कारण त्याचं सगळं वजन नाकात असतं आणि मागून तो पोकळ असतो. जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेकेचा स्लग त्याहून जुना, 1898 चा, त्याच्या मागे वॅड (दारू आणि गोळीमधला दट्ट्या) चिकटलेलाच असतो आणि तोही गुळगुळीत नळीतून छान जातो.

सॅबो स्लग हा वेगळाच प्राणी आहे. बारीक गोळी, साधारण अर्ध्या इंचाची किंवा त्याहून कमी, आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं कवच. रायफल्ड बॅरलच्या खाचा त्या प्लास्टिकला पकडून फिरवतात, नळीबाहेर पडल्यावर कवच सुटून मागे पडतं आणि गोळी फिरत पुढे जाते. हाच स्लग गुळगुळीत नळीतून मारला तर त्याला फिरवणारं कुणी नाही, मग तो हवेत विटीसारखा कोलांट्या खात जातो. कागदावर याची खूण पक्की असते, गोल भोक पडायच्या ऐवजी लांबट, कुलपाच्या भोकासारखं आडवं छिद्र पडतं. कोलंबसकडच्या एका मित्राचं टार्गेट मी बघितलं तेव्हा पाच भोकांपैकी दोन सरळसरळ आडवी होती, एका भोकाच्या कडेला गोळीच्या बुडाचा अर्धगोल कागदावर उमटलेला, आणि हा बिचारा तोपर्यंत नवीन स्कोप ऑर्डर करायच्या तयारीत. नळी गुळगुळीत होती. त्याने साधा फॉस्टर घेतला, इम्प्रूव्हड सिलिंडर चोक लावला आणि 50 यार्डांवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या, स्कोपचा पैसा वाचला तो वेगळाच.

उलट बाजूही सांगतो. रायफल्ड बॅरलमधून फॉस्टर मारला तर काही स्फोट होत नाही, पण नरम शिसं खाचांमध्ये भरत जातं आणि थोड्याच गोळ्यांत ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा गुच्छ) फाटायला लागतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या आणि मग पसारा असं होत असेल तर नळीत उजेड टाकून बघा, खाचांच्या कडेने राखाडी पट्टे दिसले की समजायचं.

चोकचं पण बघून घ्या. फॉस्टरला सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर हे दोन मोकळे चोक उत्तम, मॉडिफाइडमध्ये कधी कधी चालतं, फुल चोक आणि टर्कीचा चोक लावून स्लग मारायचा नाही म्हणजे नाही. वसंतात टर्कीला गेलेल्या माणसाच्या गनमध्ये तो घट्ट चोक नोव्हेंबरपर्यंत तसाच राहिलेला असतो, त्यामुळे चोक काढून त्यावरचं नाव वाचा. काढलाच आहे तर आटे पुसून परत नीट घट्ट बसवा, ढिला चोकसुद्धा गोळी भलतीकडे नेतो.

गेजबद्दल (नळीच्या तोंडाचं माप, आकडा लहान तर नळी मोठी) एक सुरक्षेची गोष्ट, कारण ज्या घरात 12 आणि 20 अशा दोन्ही गन असतात तिथे हा धोका खरा आहे. 20 गेजचं काडतूस 12 गेजच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, गन वाजत नाही, माणसाला वाटतं आत काहीच नव्हतं, तो मागून 12 चं काडतूस घालतो आणि नळी फुटते. 20 ची काडतुसं पिवळी असतात ती याच कारणाने. रेंजवर एका वेळी एकाच गेजचा डबा बॅगेत ठेवा. आणि बॅरलवर चेंबरची लांबी कोरलेली असते, पावणेतीन इंच लिहिलं असेल तर तीन इंची काडतूस घालायचं नाही.

विकत घेताना काय घ्यावं असं विचारणाऱ्यांसाठी माझं मत सांगतो. ज्यांचं स्टँड (हरणाची वाट बघत बसायची जागा) जंगलात आहे आणि 60-70 यार्डांच्या पुढे काही दिसतच नाही त्यांनी गुळगुळीत बॅरल, त्यावर रायफलसारखी साईट किंवा छोटा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साईट), आणि स्वस्त फॉस्टर, याच्यापुढे काही लागत नाही. शेताच्या बांधावर बसणाऱ्याला 100 च्या पुढे मारायचं असेल तर रायफल्ड बॅरल आणि सॅबो. आणि नवीनच गन घ्यायची असेल तर मी 20 गेजकडे झुकतो, सॅव्हेज 220 सारखी बोल्ट अॅक्शन, कारण तिचं बॅरल रायफलसारखं रिसीव्हरमध्ये (गनच्या मधल्या मुख्य सांगाड्यात) आवळून बसवलेलं असतं आणि खाली ज्या ढिलेपणाबद्दल लिहिलंय त्यातला मोठा भाग तिथे निघूनच जातो, शिवाय धक्का कमी. 20 गेज म्हणजे हरणाला कमी पडेल ही जुनी समजूत आहे, आजचे 20 चे सॅबो 100 यार्डांवर पुरेसे आहेत.

आता ढिलेपणा, आणि इथे जरा थांबून लक्ष द्या, कारण जोडी बरोबर असून झिरो टिकत नाही अशा गनमध्ये कारण बहुधा इथेच असतं. पंप किंवा सेमी-ऑटो शॉटगनचं बॅरल हे निघणारं असतं, मागून ते रिसीव्हरमध्ये सरकवलेलं आणि पुढून मॅगझिनच्या टोपीने धरलेलं. छर्ऱ्यांसाठी हे पुरतं, कारण तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. पण स्कोप रिसीव्हरवर बसलेला आणि बॅरल त्याच्यापासून वेगळं हलतंय म्हणजे स्कोप एकीकडे बघतोय आणि नळी दुसरीकडे. प्रत्येक बाराला बॅरल केसभर वेगळ्या जागी बसतं, आणि तो केसभर फरक 50 यार्डांवर कितीतरी इंच होतो.

तपासायचं कसं, तर रिकामी गन मांडीवर घ्या, एका हाताने रिसीव्हर घट्ट धरा, दुसऱ्या हाताने नळीचं टोक डावीउजवीकडे आणि वरखाली हलवा, आणि बॅरल जिथे रिसीव्हरमध्ये शिरतं त्या फटीवर अंगठ्याचं नख ठेवा. डोळ्याला दिसणार नाही पण नखाला टकटक कळते. कळली तर आधी मॅगझिनची टोपी बघा. ती हाताने घट्ट वाटते पण काही बारांनंतर सैल होते, विशेषतः आतला तो अडकवणारा छोटा खटका झिजला असेल तर. टोपी काढा, आटे आणि खटका पुसा, बॅरल मागे पूर्ण रेटून बसवा आणि मगच टोपी आवळा, नळी वाकडी बसलेली असताना टोपी आवळली तर ती तशीच वाकडी राहते. प्रत्येक तीन बारांनंतर टोपीला हात लावून बघायची सवय लावा.

टोपी घट्ट असूनही टकटक येत असेल तर रिसीव्हरवरचा स्कोप काढून कँटिलिव्हर बॅरल घ्या, म्हणजे ज्याच्यात स्कोपचा पाया बॅरललाच जोडलेला असतो आणि मागे रिसीव्हरच्या वरून तरंगत येतो. मग बॅरल हललं तरी स्कोप त्याच्याबरोबर हलतो, दोघांचं नातं तुटत नाही. काही लोक गनस्मिथकडून बॅरल रिसीव्हरला पिन करून घेतात, ते पण उत्तम, फक्त मग तीच गन टर्की आणि फेझंटला वापरता येत नाही. बॅरल रोज बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की कँटिलिव्हर असला तरी बॅरल काढून परत लावल्यावर दोन-तीन गोळ्या मारून खात्री करावीच लागते, आणि रिसीव्हरवर स्कोप असेल तर झिरो पहिल्यापासून करायचा असं धरूनच चला.

त्यानंतर स्क्रू. बेसचे, रिंगचे (हे दोन्ही स्कोप गनवर धरून ठेवणारे भाग) आणि दस्त्याचा मोठा बोल्ट. 12 गेजच्या स्लगचा धक्का भल्याभल्या रायफलींपेक्षा जास्त असतो, आणि हलक्या .22 रायफलीवरच्या स्वस्त रिंगा तिथे टिकत नाहीत. बेसचे स्क्रू काढून तेल पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि रिंग बनवणाऱ्याने जेवढं सांगितलंय तेवढंच टॉर्क पान्याने आवळा, जोर लावून स्कोपची नळी चेपवू नका. मग नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर ओढा, आणि स्कोपच्या नळीवरून रिंगच्या कडेवर अजून एक. बार काढल्यावर रेघ तुटलेली दिसली म्हणजे चोर सापडला, स्क्रू फिरलाय की स्कोप रिंगमध्ये पुढे सरकलाय तेही कळतं. घरातल्या नेलपॉलिशची बाटली रेंजच्या बॅगेत कायमची टाकून द्या.

नळी साफ करा, पण प्रमाणात. ब्रॉन्झचा ब्रश, शिशाचं सॉल्व्हंट, आणि सॅबो मारत असाल तर प्लास्टिक काढणारं सॉल्व्हंट, कारण सॅबोचं प्लास्टिक खाचांमध्ये पापुद्र्यासारखं चिकटतं आणि नुसत्या तेलाने निघत नाही. झाल्यावर कोरडं फडकं फिरवून तेलाचा अंश काढून टाका, तेलकट नळीतून पहिली गोळी नेहमी वेगळीकडे जाते. आणि गरम होऊ देऊ नका. स्लग बॅरल पातळ असतं, लागोपाठ पाच बार काढले की हात लावता येत नाही, मग ते वाकतं आणि गोळ्या वर वर चढायला लागतात. तीन बार काढा, बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटं गन सावलीत उभी करा, तेवढ्यात चहा प्या. हरणावर पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार आहे, तेव्हा थंड नळी कुठे मारते हेच आपल्याला माहीत असायला हवं.

आता माणूस. हे लिहायला थोडं अवघड कारण कुणालाच हे पटत नाही, पण बेंचवर बसून 12 गेजचे स्लग मारताना माणूस दचकतो, भलेभले दचकतात. उभं राहून मारताना अंग मागे जातं आणि धक्का जिरतो, बेंचवर अंग अडकलेलं असतं म्हणून सगळा मार खांद्यावर आणि गालावर येतो, चार गोळ्यांनंतर बोट चापाला लागलं की डोळे मिटतात आणि खांदा पुढे ढकलला जातो. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या मग खाली डावीकडे जमायला लागतात. तपासणी सोपी आहे, मित्राला सांगा की तुमच्या नकळत गनमध्ये कधी खरं काडतूस तर कधी रिकामं डमी घाल. डमीवर चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली गचकलं तर उत्तर मिळालं, आणि ते तुम्हाला स्वतःलाच दिसतं, कुणी सांगायला लागत नाही.

त्यावर उपाय भरपूर आहेत. जाड रिकॉइल पॅड लावा, खांदा आणि गनच्या मध्ये वाळूची छोटी पिशवी ठेवा, ग्रुप बघायला आधी कमी धक्क्याचे स्लग वापरा आणि शेवटचा झिरो मात्र शिकारीच्याच काडतुसावर करा. एका बैठकीत डझनभराच्या वर स्लग मारू नका. कानावर मफ, आत प्लग, दोन्ही, कारण दचकणं अर्धं आवाजाचंच असतं. ट्रिगर खूप जड असेल तर गनस्मिथला दाखवा, स्वतः घासत बसू नका.

बेंचवर टेकवताना नळी पिशवीवर ठेवायची नाही, पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग ठेवायचा. नळी टेकवून मारली की गोळी वर उडते, आणि मग स्टँडवर हातात धरून मारताना तीच गन खाली मारते, लोक म्हणतात झिरो गेला. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी यायला हवा. छर्ऱ्यांच्या गनचा दस्ता खाली उतरता असतो, त्यावर स्कोप बसवला की मान उंच करावी लागते आणि गाल हवेत राहतो, डोळा दर वेळी वेगळ्या जागी. वीस-पंचवीस डॉलरचा चीक पॅड लावा, बऱ्याच गनचा ग्रुप तेवढ्यावरच लहान होतो. स्कोपही डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब ठेवा, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटतो.

एवढं सगळं झाल्यावर मग झिरो. वारा पडलेला असेल अशी सकाळ धरा, कारण स्लगला वारा फार लागतो, ताशी 10 मैलांचा आडवा वारा फॉस्टरला 100 यार्डांवर अर्ध्या फुटापर्यंत सरकवतो. सुरुवात 25 यार्डांवर मोठ्या पुठ्ठ्यावर करा, थेट 100 वर जाऊन कागदच न सापडण्यात निम्मा डबा जातो. 25 वर कागदाच्या मध्याजवळ आलं की 50 वर जा आणि तिथे तीन गोळ्यांचा ग्रुप काढा. तीन गोळ्या, मग त्यांचा मधला बिंदू, आणि त्या बिंदूवरून किती क्लिक ते ठरवा, एका गोळीवरून कधीच नाही. पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप, 100 यार्डांवर साधारण एक इंच) स्कोपची एक क्लिक 100 यार्डांवर पाव इंच, 50 वर त्याच्या निम्मी म्हणजे एक अष्टमांश इंच, 25 वर एक सोळांश इंच. म्हणजे 50 वर ग्रुप तीन इंच डावीकडे असेल तर 24 क्लिक उजवीकडे. लोक 50 वर उभे राहून 100 चा हिशेब लावतात आणि बारा क्लिक फिरवून म्हणतात स्कोप ऐकत नाही. साईटवाल्यांसाठी, मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची, पुढची माशी मात्र उलटी.

ग्रुप किती लहान हवा, तर हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण आठ इंचाच्या कागदी ताटलीएवढी धरतात. गुळगुळीत नळी आणि फॉस्टर, 50 यार्डांवर तीन-चार इंच आले की छान. चांगलं रायफल्ड बॅरल आणि त्याला आवडणारा सॅबो, 100 वर तीन इंचाच्या आत यायला हवं. आवडणारा म्हणतोय कारण प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. 12 गेजच्या बऱ्याच बॅरलमध्ये खाच 34 ते 36 इंचात एक फेरा घेते, सॅव्हेज 220 मध्ये 24 इंचातच, आणि गोळीचं वजन-वेग त्याला जुळावं लागतं, त्यामुळे मित्राच्या गनमध्ये सोन्यासारखा चालणारा डबा तुमच्यात पसारा करू शकतो. सॅबोचा पाचाचा डबा महाग पडतो हे खरं, म्हणून दोघा-तिघांनी मिळून तीन-चार प्रकारचे डबे घ्या आणि वाटून मारून बघा. जो बसला त्याचे त्याच लॉट नंबरचे दोन-तीन डबे लगेच घेऊन ठेवा, नोव्हेंबरात दुकानात तो मिळत नाही.

फॉस्टर 50 वर झिरो केला तर 100 वर चार ते सहा इंच खाली जातो, म्हणून फॉस्टरवाल्यांनी 75 च्या पुढे मोह धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सॅबो 50 वर दीड-दोन इंच वर ठेवला की 100 च्या आसपास नेमावर येतो, पण डब्यावरच्या तक्त्यावर विसंबू नका, 100 वर जाऊन स्वतः कागदावर बघा.

टार्गेट वाचायला शिका, ते बरंच सांगतं. आडवी भोकं म्हणजे स्लग आणि नळीची जोडी चुकली. दोन वेगवेगळे गुच्छ, दोन्ही आपापल्या जागी घट्ट, म्हणजे काहीतरी दोन जागांमध्ये सरकतंय, बॅरल नाहीतर बेस. पहिली गोळी बाजूला आणि बाकीच्या एकत्र म्हणजे नळीत तेल. एकावर एक वर चढत गेलेल्या म्हणजे उष्णता किंवा नळी टेकवलेली. सगळ्या आडव्या ओळीत असतील तर वारा, नाहीतर बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतंय. आणि कुठलाच आकार नाही, नुसता पसारा, तर सुरुवातीच्या नळी-स्लगच्या तपासणीवर परत या.

ज्यांची गन सप्टेंबरात उत्तम होती आणि गन वीकला (बंदुकीने हरण मारायच्या आठवड्यात) चुकते त्यांच्यासाठी अजून दोन गोष्टी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ओहायोत गन वीक सुरू होतो तेव्हा पहाटे पारा गोठणबिंदूच्या खाली असतो, आणि उन्हात केलेला सॅबोचा झिरो कडाक्याच्या थंडीत थोडा खाली जाऊ शकतो, दारूचा वेग घटतो आणि प्लास्टिक कडक होतं. म्हणून शेवटचा झिरो थंडीतच करा, आणि काडतुसं गाडीच्या हीटरसमोर न ठेवता गनबरोबर बाहेरच थंड होऊ द्या. दुसरं म्हणजे अंगावरचे कपडे. टी-शर्टवर झिरो केला आणि शिकारीला जाड जॅकेट आणि वर नारिंगी व्हेस्ट घातला की दस्ता इंचभर लांब होतो, गाल मागे सरकतो, स्कोपच्या कडेला काळी सावली येते. झिरोला तेच जॅकेट घालून बसा, लोक बघतील, बघू द्यात.

गन वीकच्या आधीच्या रविवारी रेंजवर फक्त तीन काडतुसं घेऊन जा. थंड, कोरडी नळी, जॅकेट अंगावर, 50 यार्ड, एक गोळी. नेहमीच्या जागी पडली तर उरलेली दोन खिशात टाका, गन केसमध्ये ठेवा आणि सोमवारपर्यंत टोपीला, स्क्रूला, नॉबला कुणाचाही हात लागू देऊ नका. नाही पडली तर आधी मॅगझिनची टोपी, मग नेलपॉलिशच्या रेघा, मग चोक बघा, आणि त्यातलं काही सापडलं तर ते आवळून दुसरी गोळी मारा. सगळं जागच्या जागी असूनही दुसरी आणि तिसरी पहिलीच्या शेजारीच पडल्या, तरच क्लिक मोजून नॉब फिरवा, आणि फिरवल्यावर खात्री करायला गाडीत तोच लॉट नंबर असलेला अजून एक डबा असू द्या.